भावाच्या घरी उतरलेली माणसं

काहुलुईच्या विमानतळावर पद्मिनीताईंना कोणी चुकवून जात नसे. त्यांच्याआधी प्रवाशांना थांबवून प्रश्न विचारायचं काम कॉलेजची मुलं करायची. छातीशी कागद लावलेली फळी धरून ती प्रवाशांच्या आडवी यायची आणि प्रवासी असे काही कडेकडेनं सटकायचे, जणू गणपतीची वर्गणी मागणारेच समोर आले आहेत. पद्मिनीताईंचं तसं नव्हतं. राखाडी नाहीतर फिकट निळं सुती पातळ, पायात भाची दीपाचे जुने कॅनव्हासचे बूट, कपाळावर काळी बारीक टिकली. त्या नुसत्या उभ्या राहिल्या तरी लोक थबकत. ओहायोतल्या डब्लिनहून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं तर त्यांना मधे उभं करून फोटो काढून घेतला. कुणाच्या तरी आल्बममध्ये पद्मिनीताई ‘हवाईची खरी आजी’ म्हणून बसल्या असतील. देव कुणाला कुठल्या वेषात कुठं उभं करील, सांगता येत नाही.

काम साधं होतं, म्हणजे निदान सांगायला साधं. माउई बेटावरून अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे जाणाऱ्या दुपारच्या विमानापाशी उभं राहायचं, दर दहाव्या माणसाला थांबवायचं. तुम्ही इथले की पाहुणे, पाहुणे असाल तर कुठं उतरलात, किती दिवस राहिलात आणि दिवसाला माणशी किती डॉलर खर्चलेत, एवढं विचारून खुणा करायच्या. एकूण माणसं किती गेली ते विमान कंपन्याच सांगत. त्यातले पाहुणे किती आणि इथले किती, हे मात्र पद्मिनीताईंच्या खुणांवरून ठरे. बेटावरच्या हॉटेलवाल्यांचा एक छोटा संघ होता, त्याच्या ऑफिसात त्यांचा धाकटा भाऊ प्रल्हाद आकड्यांचं काम बघायचा. होनोलुलूच्या विद्यापीठात शिकायला आला तो बेटांचाच होऊन गेला होता.

बहिणीला हे काम द्यायला प्रल्हाद आधी तयार नव्हता. लोक म्हणतील, घरच्यांची सोय लावली. पण माणसं नेमण्याचं काम कानेमोटोबाईंकडे होतं. त्या इथल्याच जपानी, आजोबांपासून उसाच्या मळ्यातल्या. त्या एकदा घरी आल्या, पद्मिनीताईंना दारात स्वस्थ बसलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, “ही बाई मला दे. हिच्याशी कोणी खोटं बोलणार नाही.”

पद्मिनीताईंचं इंग्रजी मॅट्रिकचं. त्यांनी सगळे प्रश्न स्तोत्रासारखे पाठ केले. दहा माणसं मोजायला बोटांची पेरं धरत, जपाला धरतात तशी. प्रत्येक पेराला मनात एक ‘श्रीराम’. दहाव्या रामाला जो समोर येईल तो देवानंच धाडला, असं मानून त्याच्याकडे हसून बघत.

खर्चाचा प्रश्न तेवढा जड जाई. पाहुण्याला जाताना कोणी विचारतं का, की बाबा, तुझे किती गेले? त्या खाली बघून, पुटपुटल्यासारखं विचारायच्या. पण माणसं भडाभडा सांगायची. डॅलसच्या एका गृहस्थानं हॉटेल, जेवण, बोट आणि बायकोला घेतलेले मोती असा सगळा पाढा वाचला. मोत्यांची किंमत बायकोला तिथंच कळली असावी. ती त्याच्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.

“आंटी, थँक यू,” म्हणून गृहस्थ गेले. इथं सगळेच आंटी म्हणत. सामान उचलणारे, फुलांचे हार विकणाऱ्या मुली, तपासणीवरचा अंमलदार. पद्मिनीताईंना ते गोड वाटे. बाहेर सगळ्या बेटाची आत्या-मावशी व्हायचं आणि घरी आल्यावर मात्र काय व्हायचं, हे काही केल्या उमगत नव्हतं.

प्रल्हादच्या वाइलुकूच्या घरात पद्मिनीताईंना काहीही कमी नव्हतं. सातारला नवरा गेला, मूलबाळ नाही, दीर-जावेनं बोलणं कमी केलं, तेव्हा प्रल्हादनं आधीच भरून ठेवलेले व्हिसाचे कागद देवानं वेळेवर पुढं सरकवले आणि त्या इथं आल्या. दीपाच्या खोलीत त्यांना पलंग मिळाला. दर सोमवारी धुतलेला टॉवेल मिळे. चहा चांगल्या कपातून मिळे. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की प्रल्हादची बायको सुमेधा म्हणे, “अक्का, तुम्ही बसा.”

“अगं, भाजी चिरते.”

“नको, नको. तुम्ही बसा. उन्हातून आलात.”

“आज कुठं गेले होते मी?”

“मग तर बसाच. रोज दमता.”

सुमेधाचा आवाज कधी चढला नाही. ती पुण्याची, नीटनेटकी, बँकेत अर्धा दिवस नोकरी करणारी. तिच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा नसे, आणि तेच पद्मिनीताईंना टोचे. हा मान, की हे अंतर? नणंदेला बसून खायला घालते म्हणून देवाचे आभार मानावेत, की या घरात आपला हात कुठंच लागत नाही म्हणून रडावं? देवपूजा तेवढी त्यांच्याकडे होती. अंगणातल्या देवचाफ्याची फुलं वेचून आणायची, देव पुसायचे, दिवा लावायचा. पूजेला बसल्या की दहा मिनिटं त्या घरच्या असत. उठल्या की पुन्हा काय, ते कळत नसे.

बॅगही त्यांनी पुरती उपसली नव्हती. आपण कपाट भरलं आणि सुमेधाच्या कपाळाला आठी पडली तर? त्यापेक्षा लागेल तेवढं काढावं, बाकीचं आत असू द्यावं.

वसंतात काम सुरू झालं तेव्हा कानेमोटोबाईंनी बजावलं होतं, “इथल्या लोकांवर वेळ घालवू नकोस. इथले असले की खूण कर आणि सोडून दे. आपल्याला पाहुणे हवेत.”

पहिल्याच आठवड्यात दहाव्या रामाला एक फिलिपिनो गृहस्थ समोर आला. पुठ्ठ्याची दोरीनं बांधलेली खोकी, डोक्याला टोपी, डोळे सुजलेले.

“कुठं राहता?”

“स्टॉकटन, कॅलिफोर्निया.”

“इथं कुठं उतरला होतात?”

“भावाकडे. पाइयाला. तो साखरेच्या गिरणीत आहे.”

“खर्च किती झाला दिवसाला?”

तो खदखदून हसला. “आंटी, भाऊ पाकिटाला हात लावू देईल तर खर्च होणार ना!” आणि हसता हसताच त्यानं बाहीनं डोळे पुसले. काचेपलीकडं त्याचा भाऊ उभा होता, तशीच टोपी, तसेच डोळे.

पद्मिनीताईंची पेन्सिल घुटमळली. हा पाहुणा? भावाच्या पानाशेजारी पान मांडून जेवलेला, भावाच्या पोरांना खांद्यावर घेतलेला माणूस? त्यांनी ‘इथला’ या चौकोनात खूण केली आणि म्हणाल्या, “जा बाबा, सुखरूप जा.”

मग अशी माणसं येतच राहिली. बहिणीच्या बाळंतपणाला आलेली बहीण. मुलाकडे महिना काढून निघालेले आईबाप. जुलै-ऑगस्टात इथल्या जपानी लोकांचा पितरांचा सण असतो. देवळांच्या अंगणात कंदील लावून ते गोल नाचतात, थडग्यांवर फुलं ठेवतात. त्याला लॉस एंजेलिसहून आलेली एक वाकलेली बाई पद्मिनीताईंना म्हणाली, “माझे आईवडील इथल्या मातीत आहेत. मी दर वर्षी येते.” आईबापांची माती जिथं, तिथं लेक पाहुणी कशी होईल? पद्मिनीताईंनी तिचा हात हातात घेतला, खूण केली ती ‘इथली’ म्हणून.

माहेरी आलेल्या लेकीला कोणी पाहुणी म्हटलं, तर सातारला त्याचं तोंड बघितलं नसतं. पाहुणे ते, जे भाडं देऊन राहतात, खाटेचे पैसे मोजतात. बाकीचे ते घरचे. हे इतकं उघड होतं की कुणाला विचारावं असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. उलट एकेक खूण करताना बरं वाटे, कुणाला तरी त्याच्या जागी पोचवल्यासारखं.

ऑगस्टच्या शेवटी प्रल्हाद घरी आला तो हातात कागदांची चळत आणि चेहऱ्यावर न मावणारं आश्चर्य घेऊन.

“सुमेधा, बघ हे. पाहुणे कमी झालेत, पण माणशी खर्च वाढलाय. थोडाथोडका नाही, उडीच मारलीय! मला आधी वाटलं माझंच चुकलं. तीनदा केलं. तेच येतंय.”

“म्हणजे चांगलं की वाईट?”

“तेच तर कळेना. पण एकच अर्थ लागतो. साधे लोक यायचे थांबले, पैसेवाले येतायत.” तो पद्मिनीताईंकडे वळला. “अक्का, तू तर रोज बघतेस. श्रीमंत वाटतात का गं लोक यंदा?”

पद्मिनीताईंना डॅलसचे मोती आठवले. “काही काही असतात बाबा,” त्या म्हणाल्या.

प्रल्हादचा अहवाल त्यावर उभा राहिला. हॉटेलवाल्यांना तो फार आवडणार होता. शुक्रवारी त्यांची बैठक होती. तीत मोठ्या हॉटेलांचे दर वाढवायचे आणि छोट्या, घरगुती गेस्टहाउसांच्या जाहिरातीसाठी संघ जो पैसा देतो तो बंद करायचा, असं जवळजवळ ठरलंच होतं. प्रल्हादचं कंत्राटही त्याच बैठकीत पुढं चालू होणार होतं. त्याचे काळे बूट सुमेधानं आधीच पॉलिश करून ठेवले.

त्याच आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराचा विवेक येऊन राहिला होता. प्रल्हादच्या वर्गमित्राचा हा मुलगा, कंप्युटरच्या कंपनीत लागलेला. दिवसभर समुद्रात, आणि संध्याकाळी पाठ सोलवटून जेवायला हजर. बुधवारी सुमेधानं अळूचं फदफदं केलं होतं. अळूला इथं तोटा नाही, इथले लोक त्याच्या कंदावरच जगत आलेत. जेवायला बसल्यावर विवेक म्हणाला, “काका, यार, एक डाउट आहे. माझ्यासारख्याला तुमच्या रिपोर्टमध्ये कुठं टाकता? फुकट राहतो, फुकट जेवतो. आठ दिवसांतला खर्च म्हणजे एक बर्फाचा गोळा आणि एक पार्किंगचं तिकीट.”

“पार्किंगचं तिकीट म्हणजे दंड?” सुमेधानं विचारलं.

“हो ना काकू. माउईच्या इकॉनॉमीला माझं काँट्रिब्युशन.”

प्रल्हाद हसला. “तू नातेवाइकांकडे उतरलेल्या पाहुण्यांत. तुमच्यासारखेच आमचं अ‍ॅव्हरेज खाली ओढतात. पण गंमत अशी, यंदा तुमची जातच नाहीशी झालीय. आधी पाचात एक तरी असा असायचा. यंदा शोधून सापडत नाही. मी लिहिलंय, भाडी वाढली म्हणून नातेवाईक यायचे थांबले.”

“थांबले कुठं?” पद्मिनीताई भात कालवता कालवता म्हणाल्या. “रोज तर असतात.”

“कोण असतात?”

“नातेवाईकच की. खोकीच्या खोकी घेऊन. परवाच एक बाई होती, भाचीच्या बारशाला आलेली.”

प्रल्हादचा घास हातातच राहिला. “मग तू त्यांना विचारत नाहीस?”

“विचारते की, कुठं उतरलात म्हणून. भावाकडे म्हणाले की सोडते. ते काय पाहुणे थोडेच आहेत?”

“मग खूण कुठं करतेस, अक्का?”

“इथले, म्हणून करते. कानेमोटोबाईंनीच सांगितलंय, इथले असले की सोडून दे.”

दीपानं कपाळावर हात मारून घेतला. “आत्या! दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स!” आणि तिला हसू फुटलं. बापाचा चेहरा पाहिल्यावर ते तिनं गिळलं.

“म्हणजे हा विवेक,” प्रल्हाद सावकाश म्हणाला, “हा तुला गेटवर भेटला असता तर तू त्याला इथला म्हणून लिहिलं असतंस?”

पद्मिनीताईंनी विवेककडे पाहिलं, विचार केला. “याची आई तुझ्या लग्नात आली होती ना?”

“हो.”

“मग घरचाच की तो.”

“मी जरा बाहेर बसतो,” विवेक म्हणाला आणि ताट घेऊनच अंगणात गेला.

प्रल्हाद ओरडला नाही. तो उठला, हात धुतला, कागद आणून जेवणाच्या टेबलावर पसरले आणि त्यांच्याकडे बघत बसला, आपलंच घर दुसऱ्याच गल्लीत उभं दिसावं तसा. “श्रीमंत वगैरे कोणी आलेलं नाही,” तो स्वतःशीच म्हणाला. “गरीब मोजलेच नाहीत, एवढंच. आणि मी त्यावर बारा पानं लिहिलीत.”

ओरडली ती सुमेधा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “अक्का, असं कसं हो केलंत तुम्ही? एका शब्दानं विचारायचं नाही? रोज समोर बसतो हा माणूस जेवायला! परवा बैठक आहे त्याची. त्याची नोकरी आहे ती. आपल्या मनानं कसं ठरवलंत तुम्ही, कोण घरचं आणि कोण पाहुणा ते?”

चूक झाली, हे पद्मिनीताईंना कळत होतं. कुठं झाली, ते मात्र कळत नव्हतं. भावाकडे आलेला भाऊ पाहुणा असेल, तर मग बाकी सगळंच उलटंपालटं होत होतं. त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाही अनपेक्षित होतं.

“मग प्रल्हाद, मी कोण रे?”

“अक्का, आत्ता? आत्ता हे?”

“सांग ना. तुझ्या त्या कागदांत मी कोण?”

प्रल्हादनं चष्मा काढून डोळे चोळले. “वर्षापेक्षा जास्त राहिला तो इथला. साधा नियम आहे. तू कधीच इथली झालीस.”

“ते तुझ्या ऑफिसचं झालं,” पद्मिनीताई म्हणाल्या, आणि त्यांनी सुमेधाकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” सुमेधाचा आवाज अजून खाली आला नव्हता. “मला काय ठाऊक? तुम्हीच कधी सांगितलंत का? बॅग अजून भरलेली ठेवलीय तुम्ही. दर दिवाळीला म्हणता, पुढच्या वर्षी कुठं असेन कोण जाणे. मी आपली धरून चालते, आज ना उद्या या जाणार सातारला. जाणाऱ्या माणसाला कामाला लावू? उद्या तिकडं लोक म्हणतील, भावजयीनं विधवा नणंदेला राबवून घेतलं आणि पाठवून दिलं!”

“अगं, मी बॅग ठेवली ती तू बसा बसा म्हणतेस म्हणून. मला वाटलं, हिला माझा हात नको आहे.”

“हात नको? मला बँकेतून येऊन चार माणसांच्या पोळ्या लाटायला हौस आहे का?”

दोघीही थांबल्या. भांडण म्हणावं तर कशावरून, आणि समेट म्हणावा तर कुणाचा? सुमेधानं ताटं उचलली. पद्मिनीताईंनी उठून दोन उचलली, आणि सुमेधा ‘बसा’ म्हणाली नाही. रागानं म्हणाली नाही, की आणखी कशानं, हे पद्मिनीताई सिंकपाशी उभ्या राहून बराच वेळ ठरवत होत्या.

शुक्रवारी प्रल्हाद पॉलिश केलेले बूट घालून गेला. पद्मिनीताई देवापुढं बसल्या, पण काय मागावं ते सुचेना. लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा, असं मागावं, तर तो आज सांगायलाच गेला होता की माझ्यावर विश्वास ठेवू नका. नोकरी राहू दे म्हणावं, तर ती खोट्या आकड्यांवर राहिली तर काय कामाची? शेवटी त्या नुसत्या म्हणाल्या, “देवा, तुला कळतंय ना, मग झालं.” आणि उठल्या.

तो दुपारीच परत आला. दारातच बूट काढले, एक इकडं, एक तिकडं.

“काय झालं?” सुमेधा.

“अहवाल मागं घेतला. दरवाढ पुढं ढकलली, गेस्टहाउसांचे पैसे आहेत तसे राहिले. एकानं विचारलं, आजवरचे आकडे तरी कधी खरे होते का. मी म्हटलं, पुन्हा मोजून सांगतो.” तो बसला. “कंत्राट वर्षाचं नाही दिलं. सहा महिन्यांचं. तेवढ्यात सगळं नीट मोजून दाखवायचं.”

“आणि मी?” पद्मिनीताईंनी विचारलं.

“कानेमोटो काय म्हणते बघ. मी तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही, अक्का. टाकता येणार नाही.”

कानेमोटोबाई संध्याकाळी स्वतः आल्या, पपया घेऊन. चपला काढून आत आल्या आणि खुर्चीत बसून आधी पोटभर हसल्या. त्यांची सख्खी मावशी दर वर्षी त्या पितरांच्या सणाला येई, महिना महिना राही. तिला पाहुणी म्हटलं तर ती पुन्हा उंबरा ओलांडायची नाही, म्हणाल्या. मग हसू आवरून त्यांनी बोट रोखलं. “पण कागदावर ती पाहुणी आहे. तुझ्या मनात ती कोण आहे ते मी विचारत नाही. उद्यापासून तू सगळ्यांना सगळे प्रश्न विचारायचेस. भावाकडे राहिले म्हणाले तरी खर्च विचारायचा. आणि शून्य म्हणाले तर ऐकायचं नाही. काय काय घेतलं, ते एकेक विचारायचं. आणखी एकदा चुकलीस तर मला दुसरी बाई बघावी लागेल.”

शनिवारी आकाशातून काळी काजळी पडत होती. उसाचे फड पेटवले की ती साऱ्या गावावर पडते. दहाव्या रामाला साधारण आपल्याच वयाची एक फिलिपिनो बाई आली. पद्मिनीताईंना वाटलं, देव आज परीक्षाच बघतोय.

“कुठं उतरला होतात?”

“भावाकडे.”

पेन्सिल आपोआप त्या जुन्या चौकोनाकडे निघाली होती. पद्मिनीताईंनी ती ओढून आणली आणि ‘पाहुणी’वर टेकवली. त्या बाईला आपण काहीतरी अपशब्द बोलतोय असं त्यांना वाटलं. “दिवसाला खर्च?”

“भावाकडे होते म्हटलं ना,” बाई जरा रागानंच म्हणाली. “खर्च कसला?”

“काहीच घेतलं नाहीत? घरात काही आणलं?”

बाई थांबली. “तांदळाची गोणी आणली. पन्नास पौंडांची. येते तेव्हा आणते मी.” मग आठवत गेली. “धाकट्याचे शाळेचे बूट. वहिनीला एक झगा. तिची शिलाई मशीन दुरुस्त करून दिली. मासे, दर रविवारी मासे मीच आणायची. आणि छताचा एक पत्रा.” तिचं तिलाच नवल वाटलं. “बरंच झालं की! पण आंटी, तो खर्च नाही हो. ते आपलं घर आहे.”

पद्मिनीताई लिहीत होत्या. गोणी, बूट, झगा, मासे, पत्रा. त्यांना एकदम काही सुचेनासं झालं. ही बाई तीन आठवडे राहून छताला पत्रा घालून गेली. आपण इतकी वर्षं भावाच्या छताखाली राहिलो, आपण या घरात काय आणलं? पगार येई, तो डब्यात साठवत, परत जावं लागलं तर म्हणून. मीठसुद्धा कधी विकत आणलं नव्हतं. मागितलं नाही कुणी, हे खरं. पण या बाईला तरी कुणी मागितलं होतं? मग पाहुणी ती, की आपण? कानेमोटोबाईंच्या कागदानं बघावं तर ती पाहुणी आणि आपण इथल्या. आणि बघायला गेलं तर...

“आंटी, बरं वाटत नाहीये का?”

“नाही, नाही. जा, सुखरूप जा.”

परतताना त्या बाजारापाशी उतरल्या. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. इथं गणपती म्हणजे सातारहून आणलेली वीतभर पितळेची मूर्ती आणि होनोलुलूहून येणारी दोन कुटुंबं. त्यांनी अळूची मोठी पानं निवडून घेतली, देठ बघून, खाजरी नसलेली. बेसन घेतलं, चिंच घेतली. विकणाऱ्या मुलीनं पैसे सांगितले, ते त्यांनी पदराच्या गाठीतून काढून मोजून दिले.

घरी सुमेधा फोनवर होती. होनोलुलूच्या लोकांचं विमान, किती वाजता, कोण आणायला जाणार. पद्मिनीताईंनी पिशवी ओट्यावर ठेवली.

“सुमेधा, अळूवड्या मी करते उद्याच्या.”

सुमेधानं फोनवर हात ठेवून त्यांच्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं. काय वाटलं तिला, चेहऱ्यावरून कळलं नाही. “करा,” ती म्हणाली, आणि पुन्हा फोनवर बोलायला लागली.

पद्मिनीताईंनी पदर खोचला. पानं धुतली, शिरा लाटून घेतल्या, बेसन परातीत ओतलं आणि हात थांबला. हिंग कुठं असतो? त्यांनी डावीकडचं कपाट उघडलं. त्यात अमेरिकन डबे. उजवीकडचं उघडलं. कपबशा. खालचा खण ओढला, त्यात पिशव्यांच्या घड्या आणि दीपाच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या. तीळ कुठं, गूळ कुठं, मोहरीचा डबा कोणता? एवढी वर्षं या घरात जेवल्या, आणि या घरात मीठ कुठं ठेवतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

“सुमेधा, हिंग कुठं गं?”

“तिथंच आहे!”

“तिथं म्हणजे?”

“अहो अक्का, मी फोनवर आहे ना!” सुमेधा आतून कडाडली. “उघडून बघा की जरा. सगळं मीच सांगायचं का?”

पद्मिनीताई पिठाचे हात धरून तशाच उभ्या राहिल्या. ही चिडली, की पाहुणीशी कोणी असं बोलत नाही म्हणून हे चांगलंच झालं? त्यांना नक्की काहीच ठरवता येईना. मग त्यांनी कोपरानं तिसरं कपाट उघडलं, आणि त्यातले डबे एकेक करून खाली उतरवून, झाकणं उघडून हुंगायला लागल्या.